लीग बदलतो क्लब, किंमत मोजते मुलगी

वरणगाव-भुसावळपासून धुळ्यापर्यंत आपल्या समाजातल्या काही घरांत एक प्रश्न आता बदलला आहे. आधी विचारलं जायचं, "मुलीला फुटबॉल खेळू द्यायचं का?" आता विचारतात, "खेळू तर द्यायचं, पण कुठून?" शाळेच्या संघातून, जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून, की फी घेऊन शिकवणाऱ्या खाजगी अकॅडमीतून? प्रत्येक जण आपलीच वाट खरी म्हणून सांगतो आणि अम्मी-अब्बू गोंधळून जातात.

हाच गोंधळ फार मोठ्या आकारात अमेरिकेत चालू आहे. तिथे मुलींच्या फुटबॉलमध्ये दोन मोठ्या लीग आहेत आणि क्लब एकीतून दुसरीत उड्या मारत असतात. तिथला पैसा आणि आपला पैसा यांची तुलनाच नको. पण उड्या का मारल्या जातात, ते समजून घेतलं तर आपल्या दारात आलेली जाहिरात वाचायला सोपी जाते.

अमेरिकेत काय घडलं

'एलिट क्लब्ज नॅशनल लीग', म्हणजे ईसीएनएल, 2009 मध्ये 40 क्लबांना घेऊन सुरू झाली. ती क्लबांची लीग होती, सरकारची नाही की महासंघाचीही नाही. 2017 मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने मुलींसाठी स्वतःची 'डेव्हलपमेंट अकॅडमी' आणली. महासंघाची लीग म्हटल्यावर राष्ट्रीय संघाचा रस्ता इथूनच जाणार, असं अनेकांना वाटलं आणि बरेच क्लब तिकडे वळले.

पण या लीगचा एक नियम घरोघरी टोचला. हंगाम सुमारे दहा महिन्यांचा आणि त्या काळात मुलीने आपल्या शाळेच्या संघातून खेळायचं नाही. अमेरिकेत शाळेचा संघ म्हणजे गावाचा अभिमान. मैत्रिणी शाळेसाठी खेळणार आणि आपली मुलगी बाकावर बसून बघणार, हे अनेकांना पटलं नाही. काही क्लब लवकरच ईसीएनएलकडे परत फिरले. मग कोविड आला आणि 15 एप्रिल 2020 रोजी महासंघाने पैशांची अडचण सांगून ती अकॅडमी बंदच करून टाकली. काही क्लब ईसीएनएलमध्ये गेले, उरलेल्यांनी त्याच वर्षी 'गर्ल्स अकॅडमी' नावाची नवी लीग उभी केली. तेव्हापासून या दोन लीगमध्ये क्लबांची ये-जा चालूच आहे.

जरा हिशोब करून बघा. 2017 मध्ये तेरा वर्षांची असलेली मुलगी 2020 मध्ये सोळाची झाली. तिचं मैदान तेच, प्रशिक्षक कदाचित तेच, पण छातीवरचा लीगचा बिल्ला तीन वेळा बदललेला असू शकतो. यातला एकही निर्णय तिला विचारून झालेला नाही.

क्लब लीग का बदलतात

पहिलं कारण म्हणजे विद्यापीठं. अमेरिकेत 1972 च्या 'टायटल नाइन' कायद्यानंतर कॉलेजांना मुलींच्या खेळावरही खर्च करणं भाग पडलं. वरच्या श्रेणीतल्या तीनशेहून जास्त विद्यापीठांत मुलींचे फुटबॉल संघ आहेत आणि अगदी अलीकडेपर्यंत प्रत्येक संघाला 14 पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम वाटता येत होती. तिथल्या शिक्षणाचा खर्च बघता ही घराचं नशीब बदलणारी गोष्ट आहे. पण विद्यापीठाचा प्रशिक्षक गावोगाव फिरत नाही. जिथे एकाच ठिकाणी शेकडो संघ दोन-तीन दिवस खेळतात, तिथे तो जातो. ज्या लीगच्या मेळाव्याला जास्त प्रशिक्षक येतात, तिकडे क्लब धावतात.

दुसरं कारण फारसं बोललं जात नाही. या लीगमध्ये जिंकून वर चढणं आणि हरून खाली उतरणं अशी सरळ पद्धत नाही. कुणाला आत घ्यायचं, ते लीग ठरवते. एका शहरात आधीच एक-दोन क्लब सभासद असतील तर तिसऱ्याला नकार मिळू शकतो, मग त्याच्या मुली कितीही चांगल्या खेळोत. असा नाकारलेला क्लब दुसऱ्या लीगमध्ये जातो आणि पहिलीचं दार किलकिलं झालं की परत निघतो. मैदानावरच्या निकालाइतकंच कार्यालयातल्या निर्णयालाही वजन आहे.

तिसरं कारण फी. तिथले बहुतेक क्लब पालकांच्या पैशांवर चालतात. मोठ्या लीगमध्ये प्रत्येक वयोगटातला वरचा संघच खेळतो, पण त्या लीगचं नाव बघून खालच्या संघांत लहान मुलींची भरती होते आणि क्लबचा संसार त्या भरतीवर चालतो. शेजारच्या क्लबकडे मोठा बिल्ला आला की आपल्याकडच्या मुली तिकडे जाणार, ही भीती प्रत्येकाला असते. म्हणून एक हलला की दुसराही हलतो.

चौथं कारण अंतर. देश अवाढव्य आहे. जवळचे चार तगडे क्लब लीग सोडून गेले तर चांगल्या सामन्यासाठी विमानाने जावं लागतं आणि तो खर्च पुन्हा पालकांच्याच खिशातून. तेव्हा प्रत्येक वेळी यामागे लोभच असतो असं म्हणणं अन्यायाचं होईल. जवळपास तोडीचा प्रतिस्पर्धी उरला नाही, म्हणून लीग बदलणारा प्रशिक्षक मुलींचं भलंच बघतो.

पण या चारही कारणांत 'मुलगी रोज काय शिकते' हे कुठेच नाही. लीग बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सरावाला तोच शिक्षक असतो आणि तोच चेंडू. बिल्ल्याने खेळ सुधारत नाही.

आपल्याकडे लीग कमी, वाटा अनेक

खान्देशात मुलींसाठी दोन भांडणाऱ्या लीग नाहीत. वाटा मात्र आहेत. एक शालेय वाट: तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. सुब्रतो कपही याच वाटेवर येतो. ही स्पर्धा 1960 पासून आहे, 17 वर्षांखालील मुलींचा गट मात्र 2012 मध्ये आला. दुसरी संघटनेची वाट: जिल्हा फुटबॉल संघटना, तिच्यावर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तिच्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. महिलांच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेला आता राजमाता जिजाबाई यांचं नाव आहे, तिथे पोहोचायचं तर याच वाटेने. तिसरी, केंद्र सरकारच्या खेलो इंडियातल्या मुलींच्या 'अस्मिता' लीग. आणि चौथी खाजगी अकॅडमी व त्यांच्या 'नॅशनल', 'इंटरनॅशनल' नावाच्या स्पर्धा.

अमेरिकेत जे काम विद्यापीठाची शिष्यवृत्ती करते, ते आपल्याकडे प्रमाणपत्र करतं. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आहेतच. शिवाय राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे आणि 1 जुलै 2016 च्या शासन निर्णयाने त्याचे नियम कडक केले. स्पर्धा कुणी घेतली, संघटनेला मान्यता होती का, पातळी कोणती, क्रमांक कितवा, हे सगळं तपासलं जातं. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण राज्यात गाजल्यानंतर तर जास्तच. म्हणजे हजारो रुपये भरून, रेल्वेने दुसऱ्या राज्यात जाऊन आणलेल्या चकचकीत पदकाची किंमत क्रीडा कार्यालयात शून्य असू शकते. हातावर पोट असलेल्या घराला हा फटका जड जातो.

वरच्या भांडणाचा फटका खाली कसा बसतो, ते आपल्या देशानेही पाहिलं आहे. ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. त्याच वेळी गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला होता. 26 ऑगस्टला निलंबन उठलं, पण मुली तोवर न खेळता परतल्या होत्या. चूक पदाधिकाऱ्यांची, शिक्षा मुलींना.

पोशाखाचा मुद्दाही इथेच सांगायला हवा, कारण काही घरांत निर्णय त्यावरच अडतो. फिफाने 2014 मध्ये डोकं झाकून खेळायला रीतसर परवानगी दिली. 2023 च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली. तेव्हा कुठल्या स्थानिक आयोजकाने यावरून अडवलं तर फिफाचा नियम दाखवा आणि शांतपणे बोला.

पैसे भरण्याआधी विचारा

मुंब्य्राच्या मुलींचं उदाहरण आपल्याजवळचं आहे. 'परचम' या गटासोबत त्या 2012 पासून फुटबॉल खेळू लागल्या. त्यांनी आधी लीग शोधली नाही, मैदान मागितलं. त्यासाठी सह्या गोळा केल्या. हा क्रम आम्हाला बरोबर वाटतो: आधी मैदान, मग शिक्षक, मग वेळ आणि शेवटी स्पर्धा. आपल्याकडे तर एप्रिल-मे महिन्यात पहाटे सहाला सराव नसेल तर तो होणारच नाही, आणि पहाटे मुलगी सुरक्षित कशी पोहोचेल हा प्रश्न कुठल्याही लीगच्या नावापेक्षा मोठा आहे.

म्हणून कुणी अकॅडमीवाले भाईजान दारात आले तर त्यांना चहा पाजा, पण चार गोष्टी विचारा. या स्पर्धेचं प्रमाणपत्र जिल्हा क्रीडा कार्यालय मानतं का? फीमध्ये प्रवास, राहणं, जेवण धरलं आहे का, आणि मुलींसोबत बाई कोण असणार? आमची मुलगी खेळणार की फक्त यादीत नाव लावणार? तुमच्याकडे आली तर शाळेच्या संघातून खेळायला मनाई तर नाही ना? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. शालेय वाट सगळ्यात स्वस्त आहे आणि ती कुणाच्या सांगण्यावरून सोडू नये.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अकॅडमीकडूनच घेऊन थांबू नका. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा, गरज पडली तर जळगावला किंवा धुळ्याला क्रीडा कार्यालयात एक चक्कर मारा. बसभाड्याचे ते पैसे वाया जाणार नाहीत. आणि घरी आल्यावर मुलीलाही विचारा, तिला कुठे खेळायचं आहे. क्लब बदलताना, लीग बदलताना तिकडे अमेरिकेत कुणी विचारत नाही, म्हणून आपणही विचारू नये असं थोडंच आहे.