आमचं घरगुती आकाशवाणी केंद्र

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, एफएम ट्रान्समीटर बनवतोय. तू बनवला होतास ना? आई सांगत होती." (ताई, तुला हे सांगायची काही गरज होती का?)

तर हो, बनवला होता. साल 1994, डोंबिवली. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक ट्रान्झिस्टर, पेन्सिलीवर गुंडाळलेली तांब्याच्या तारेची कॉइल, एक ट्रिमर, कंडेन्सर माइक आणि नऊ व्होल्टची बॅटरी. पलीकडच्या खोलीतल्या रेडिओतून माझा आवाज आला, तेव्हा झालेला आनंद पुढे पहिल्या पगारालाही झाला नाही.

मग अंगात आलं. वायर गच्चीवर नेली आणि रोज संध्याकाळी बातम्या, क्रिकेटचा स्कोअर, नकला सुरू! असल्या सर्किटला एका जागी ठरणं माहीत नसतं. हात जवळ नेला तरी फ्रिक्वेन्सी सरकते. आमची सरकत सरकत थेट खऱ्या स्टेशनवर जाऊन बसली. खाली एक आजोबा राहायचे. त्यांना दिसत नसे, रेडिओ हाच दिवस. तीन संध्याकाळी त्यांना गाण्यांऐवजी आमची खरखर ऐकू आली. चौथ्या दिवशी त्यांनी रेडिओ दुरुस्तीला पाठवला. आम्हाला कारण माहीत होतं. आम्ही गप्प बसलो.

तेव्हा 1885 चा तार कायदा आणि 1933 चा बिनतारी कायदा होता. विनापरवाना यंत्र नुसतं बाळगणंही गुन्हा! आता 2023 च्या दूरसंचार कायद्यात परवानगीशिवाय जाळं उभारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाचून घाम फुटला. पण भीती अगदीच खोटी नाही. एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांचा सुरू होतो.

भाचा म्हणतो, "1942 मध्ये उषा मेहतांनी चालवलंच ना काँग्रेस रेडिओ?" चालवला. पण शिक्षा काय होईल हे ओळखून, आणि चार वर्षांची शिक्षा भोगलीही. नकला करायला नव्हे.

मात्र एक गोष्ट मला खुपते. बिहारमधल्या मन्सूरपूरच्या राघव महतोने जेमतेम पन्नास रुपयांच्या सामानात गावाचा रेडिओ चालवला. गाणी, गावच्या खबरा, हरवलेल्यांच्या सूचना. 2006 मध्ये तो बंद पडला, कारण परवाना नव्हता. त्याच वर्षी सरकारने सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांना खुला केला, पण एकट्या माणसाला नाही. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं. मग त्या जनतेत राघव येत नाही का? माझं मत विचाराल तर नियम हवेतच, पण गावापुरत्या, कमी ताकदीच्या प्रक्षेपणासाठी एकट्या माणसालाही परवाना मागता यायला हवा. परवान्याची वाटच नसेल तर माणूस गच्चीवरच चढणार.

भाच्याला म्हटलं, परीक्षा दे, हॅमचा परवाना काढ. गाणी लावता येणार नाहीत, पण चोरून बोलावं लागणार नाही. आणि आधी खाली कोण राहतं ते बघ.

आजोबा आता नाहीत. त्या दुरुस्तीचे पैसे द्यायचे राहिलेच.