दोन जपमाळा, एक बाकडे

नाताळ उद्यावर आला आहे. सणावारांच्या या पानावर रामनवमी, गोकुळाष्टमी, महाशिवरात्र यांविषयी आम्ही पुष्कळ लिहिले. नाताळाविषयी लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग. ‘बुवा, तुम्हांस हे काय सुचले?’ असे काही श्रद्धाळू वाचक विचारतील. त्या प्रश्नाचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु नुसत्या तत्त्वचर्चेने शंका फिटत नाही, म्हणून तर कीर्तनात पूर्वरंगानंतर आख्यान लावतात. आजचे आख्यान आमच्याच घरातले आहे.

गेल्या फाल्गुनात मुंबईस एका यजमानांकडे कीर्तन चालू असता आमच्या हातातील चिपळ्या गळून पडल्या. उजवे अंग लुळे झाले, जीभ जड झाली. यजमानांनी अंगारे-धुपाऱ्यांत वेळ न दवडता आम्हांस तडक रुग्णालयात नेले. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळविण्याचे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, हे आम्हांस मागाहून कळले. प्राण वाचला, वाणी मात्र गेली. चाळीस वर्षे हरिनाम घेऊन ज्याने संसार केला, त्याला स्वतःच्या पत्नीचे नाव उच्चारता येईना.

शेजारच्या खाटेवर वसईकडील एक ख्रिस्ती शेतकरी याच व्याधीने आडवे झालेले होते. केळीची बाग आणि फुलांचे वाफे हीच त्यांची उपजीविका. रात्री दोन्ही घरच्या बाया बाहेरच्या एकाच बाकड्यावर बसत. आमच्या कुटुंबाच्या हाती तुळशीची माळ, त्या बाईंच्या हाती रोझरी. पहिल्या रात्री दोघींच्या मध्ये पिशव्यांची भिंत होती. तिसऱ्या रात्री एकीचा डोळा लागला की दुसरी दोन्ही खाटांवर लक्ष ठेवू लागली. आमच्या घरी सोवळे कडक. परक्या हातचे अन्न आमच्या कुटुंबाने घेतले नाही, आणि त्या बाईंनीही आग्रह करून संकोचात पाडले नाही. एकादशी आली तेव्हा मात्र त्यांनी मुलाकडून बागेतल्या केळ्यांची फणी मागविली आणि म्हणाल्या, “वहिनी, फळ तर चालते ना? आमचाही उपासकाळच चालू आहे.” ईस्टरपूर्वीचे ते चाळीस दिवस होते. त्या केळ्यांनी पिशव्यांची भिंत कायमची उठविली.

पुढचे वर्ष दोन्ही घरांनी बालवाडीतल्यासारखे काढले. आयुष्यभर ज्याने पाणिनीची सूत्रे शिकविली, तो पासष्टीत ‘अ, आ, इ’ गिरवू लागला. एका ताटातले वाटाणे वेचून दुसऱ्या ताटात टाकावयाचे, हा आमचा नित्याचा व्यायाम. तिकडे फुले ओवणे हा त्यांचा. निकामी झालेल्या भागाचे काम मेंदूचे दुसरे भाग हळूहळू शिकतात, आणि ते अभ्यासानेच शिकतात, असे डॉक्टर सांगत. दर रविवारी दूरध्वनी येई. “बुवा, आज किती वाटाणे?” आम्ही आकडा सांगण्याची खटपट करीत असू आणि ते गृहस्थ संयमाने थांबत. तो आकडा उच्चारणे हाच आमचा आठवड्याचा पाठ होता.

गोकुळाष्टमीस पंचवटीत आम्ही बसूनच अर्धा तास जन्माख्यान लावले. शब्द अडखळले, श्रोत्यांनी सांभाळून घेतले. मागच्या रांगेत वसईचे ते कुटुंब बसले होते. ते गृहस्थ काठी घेऊन चालू लागले आहेत; उजव्या हाताची तीन बोटे मात्र अद्याप वळत नाहीत. तरीही यंदाचा नाताळचा गोठा ते डाव्या हाताने बांधीत आहेत, नातवंडे गवत पुरवीत आहेत. बोटे बरी होईपर्यंत थांबावे, असे कोणी सुचविले तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “बोटांसाठी देव जन्मायचा थांबतो होय?”

या वाक्याने आम्हांस अंतर्मुख केले. रोग हटला तर देव खरा, न हटला तर खोटा, हा बाजार आहे, भक्ती नव्हे. विष्णुसहस्रनामात भगवंताला ‘भेषज’ आणि ‘भिषक्’, म्हणजे औषध आणि वैद्य, अशी दोन्ही नावे आहेत. तो डॉक्टरांच्या औषधात असतो आणि बाकड्यावर जागणाऱ्या माउलीतही असतो.

दोन्ही धर्म एकच आहेत, असे गुळमुळीत विधान आम्ही करणार नाही. आपण अनेक अवतार मानतो; ते देवाचे मनुष्यरूप एकदाच झाले असे मानतात. आपण पुनर्जन्म मानतो, ते मानीत नाहीत. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली, हेही आम्ही विसरलेलो नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. त्या विजयाची स्मृती असलेली नारोशंकराची घंटा आमच्या गोदाकाठी आहे. परंतु त्या राजसत्तेचा जाब आजच्या केळीबागाईतदाराला विचारणे हा न्याय नव्हे. त्याच अमलात गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र रचले, तेही ओवीत. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. ज्या छंदात ज्ञानेश्वर माउली बोलली, त्याच छंदाला त्या परदेशी पाद्र्यानेही साद घातली. आणि कारागृहात जन्मलेल्या बाळाचा पाळणा हलविणाऱ्यांना गव्हाणीत जन्मलेल्या बाळाचे कौतुक समजावून सांगावे लागू नये.

उद्या आम्ही सपत्नीक वसईस जात आहोत. “तिथे हात जोडणार काय?” असे एका स्नेह्यांनी विचारले. जोडणार. आमची निष्ठा रामचरणी आहे आणि तेथून ती हलणार नाही. म्हणूनच दुसऱ्याच्या देवापुढे हात जोडताना तिला भय वाटत नाही. ज्या घरच्या माउलीने आमच्यासाठी रात्रभर रोझरीचे मणी ओढले, त्या घरच्या बाळाला रिकाम्या हाताने भेटणे हा मात्र अधर्म होईल. आमच्या कुटुंबाने सोवळ्यात केलेले तिळाचे लाडू डब्यात भरले आहेत.

वाचकहो, आपल्या आळीत, चाळीत, रुग्णालयाच्या शेजारच्या खाटेवर असे एखादे घर असेलच. उद्या त्याचे दार ठोठावा. आणि कोणाचे तोंड वाकडे झाले, हात गळाला, वाचा अडखळली, तर क्षणाचाही विलंब न लावता त्याला रुग्णालयात न्या. जप वाटेत करता येतो. सर्वांस आरोग्य लाभो.