‘येस’ टाइप करा आणि विसरा

ग्राहकाला बेसावध राहायची सवय कस्टमर केअरच लावतं, असं मी लिहिलं तेव्हा काही वाचकांनी मला खडूस ठरवलं. या आठवड्यात एका होस्टिंग कंपनीने आपणहून माझी बाजू मांडली आहे.

ओळखीतल्या एकाचं एसएसएच लॉगिन अचानक अडलं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ किंवा ‘टाइम्ड आउट’ आलं असतं तर पोर्ट, फायरवॉल बघा म्हणणं ठीक होतं. इथे मोठ्या अक्षरांत इशारा होता: सर्व्हरची ओळख बदलली आहे, मध्ये कुणी तरी बसलेलं असू शकतं. तिकिटाला उत्तर आलं, ‘नोन होस्ट्स फाइल डिलीट करा, पुन्हा कनेक्ट करा, येस टाइप करा.’ ओळख का बदलली, यावर अवाक्षर नाही. खोदून विचारल्यावर कळलं, साहेबांनी सर्व्हर हलवला होता!

आता गिटहबचं बघा. मार्च २०२३ मध्ये त्यांच्या आरएसए होस्ट कीचा खासगी भाग गिटहबवरच्याच एका सार्वजनिक रिपॉझिटरीत थोडा वेळ उघडा पडला. नामुष्कीच. पण त्यांनी ती जाहीरपणे सांगितली, की बदलली, नवा फिंगरप्रिंट प्रसिद्ध केला आणि जुनी तेवढी नोंद काढायची कमांड दिली. ईसीडीएसए किंवा ईडी२५५१९ वापरणाऱ्यांनी काहीच करायचं नाही, हेही सांगितलं. इशारा दोन्हीकडे तोच. तिथे ग्राहकाकडे पडताळून बघायला फिंगरप्रिंट होता, इथे त्याच्या हाती फक्त ‘येस’.

शिवाय अख्खी फाइल उडवली की आजवर ओळखलेला प्रत्येक सर्व्हर अनोळखी होतो. उद्या दुसरीकडे खरोखर कुणी मध्ये घुसलं, तर इशारा येणारच नाही. पहिल्या भेटीचा साधा प्रश्न येईल आणि सवयीने आपण ‘येस’ म्हणू. मग पासवर्ड टाइप केला की तो थेट भामट्याच्या हातात. नव्या मशीनवर जुन्या होस्ट की नेल्या असत्या तर हा इशारा उमटलाच नसता. तेवढंही जमलं नाही.

हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू युलनेनने १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. वाटेत चोर असणार, हे धरूनच ते रचलंय. आमचे सपोर्टवाले मात्र त्या शंकेलाच बिघाड समजतात. पुरावा माझ्याकडे नाही, पण अनोळखी माणसाला ओटीपी सांगणारी पिढी अशाच तिकिटांवर पोसली गेली असावी.

तुमच्यावर ही वेळ आली तर तिकिटात एकच ओळ लिहा: ‘नव्या होस्ट कीचा फिंगरप्रिंट पाठवा.’ तो जुळेपर्यंत कीबोर्डला हात लावू नका. जुळला की त्या सर्व्हरची तेवढीच नोंद काढा. आणि उत्तरात ‘ब्राउझरची कॅशे क्लिअर करा’ आलं, तर नूतनीकरणाच्या तारखेची वाट न बघता होस्ट बदला.