उपदेशाने हंडा भरत नाही

पावसाळा लागला की धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांत आरोग्य खात्याचे सेवक गल्लोगल्ली फिरू लागतात. घरातील टिपाडे, ड्रम, रांजण आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून घासून कोरडे ठेवावेत, असे ते सांगतात. कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. अंड्याचा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. परंतु आठवडा उलटल्यावरच नळाला पाणी येण्याचा अनुभव ज्या धुळेकरांनी वर्षानुवर्षे घेतला, त्यांनी हा सल्ला पाळावा तरी कसा? आरोग्य खाते म्हणते, साठा ओतून द्या. पाणीपुरवठा खात्याचा कारभार सांगतो, थेंबही ओतू नका. या दोन परस्परविरोधी हुकमांच्या मध्ये गृहिणी उभी असते आणि घरात ताप शिरला की निष्काळजीपणाचा ठपका तिच्यावरच येतो.

नागरिकांना उपदेश करण्याची हौस अलीकडे फार वाढली आहे. भाजी धुतलेले पाणी झाडांना घाला, तुरटी फिरवा, उकळून प्या, मोठी टाकी बसवा. यातील एकही गोष्ट चुकीची नाही. प्रश्न आहे तो, हा उपदेश कोणत्या कर्तव्याच्या जागी केला जातो हा. पाणीपुरवठा हे महानगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे, असे १९४९ चा महानगरपालिका अधिनियम सांगतो. ते कर्तव्य अपुरे पडले की त्याचा भार हळूच प्रत्येक कुटुंबाच्या डोक्यावर सरकवला जातो आणि त्यालाच नागरी शिस्त असे गोंडस नाव मिळते.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या बंगल्यात जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी आणि अंगणात कूपनलिका आहे, त्याला दहा दिवसांचा खंड जाणवतही नाही. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची ऐपत दोन ड्रमांची. तिथल्या मजूर बाईला नळाची वाट पाहत घरी थांबावे लागले, तर त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. दोघांनाही ‘पाणी जपून वापरा’ असे एकाच सुरात सांगणे ही समता नव्हे. ती विषमतेवर घातलेली झूल आहे.

शिवाय, ज्याने त्याने आपापले पाहावे असे ठरले की एकाचा उपाय दुसऱ्याचा अपाय होतो. नळाला टुल्लू पंप जोडणारा माणूस आकाशातून पाणी ओढत नाही. तो शेजाऱ्याच्या वाट्याचे ओढतो. मग शेजारीही पंप आणतो, आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकावरील वस्तीत नळ नुसता फुसफुसत राहतो. पाणी खंडित असले की वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते. म्हणजे पाणी आधी दूषित होऊ द्यायचे आणि नंतर ते उकळण्याचा खर्च गरिबाच्या गॅसवर टाकायचा, असा हा व्यवहार आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे की, खानदेशात पाणीच कमी, त्याला कारभारी काय करणार? टंचाई खोटी नाही. परंतु जळगावने गिरणेनंतर वाघूर धरणाचा आधार घेतला. धुळ्याने नकाणे आणि डेडरगाव तलावांच्या जोडीला तापीचे पाणी आणले, पुढे अक्कलपाड्याकडे मोर्चा वळवला. उद्भव वाढले, वाटपाचा न्याय वाढला काय? वाटपच विषम असेल तर नव्या धरणाचे पाणीही आधी जुन्याच हौदांत जाणार.

वाटप कसे करावे हे शिकण्यासाठी धुळेकरांना दूर जाण्याची गरज नाही. शहरामधून वाहणाऱ्या पांझरेवरच, वरच्या अंगाच्या गावांनी काही शतके फड पद्धत चालवली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने यायचे, शेतीचे फड पाडलेले असायचे, एका फडात एक पीक ठरायचे आणि पाटकरी पाळीने पाणी सोडायचा. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असल्याने टंचाईच्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला, तरी झळ सर्वांना वाटून लागायची. फडाचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरता कामा नये: ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नव्हता. आजच्या शहराने फडाची पाळी घ्यावी. त्याची ही उणीव घेऊ नये. झोपडपट्टीतील बिननळाच्या घराचाही वाटा पहिल्या दिवसापासून धरला पाहिजे.

हे आपोआप होणार नाही. मुंबईच्या गोरेगावात पाण्यासाठी बायकांना संघटित करणाऱ्या मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या, त्या काटकसरीचे धडे देऊन नव्हे. रिकामा हंडा ही घरातली अडचण नसून सार्वजनिक कारभाराचा दोष आहे, हे त्या बायकांनी ओळखले आणि हंडे घेऊन त्या रस्त्यावर आल्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार, तर धुळ्याची सुमारे ३ लाख ७५ हजार होती. तीन लाख वा त्याहून मोठ्या शहरात प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, असे १९९३ पासून अमलात आलेली ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ साली क्षेत्रसभेचीही तरतूद झाली. पाण्याची पाळी जाहीरपणे ठरवण्याची जागा म्हणून या दोहोंचा उपयोग किती प्रभागांत होतो?

तेव्हा नागरिकांना सल्ला द्यायचाच असेल तर तो असा द्यावा. गल्लीत कोणत्या दिवशी, किती वाजता, किती मिनिटे पाणी आले याची वही प्रत्येक गल्लीने ठेवावी. अशा दहा गल्ल्यांच्या वह्या एकत्र केल्या की व्हॉल्व्ह कोणासाठी उशिरापर्यंत उघडा राहतो हे कागदावर दिसेल. प्रभागवार वेळापत्रक महापालिकेने चौकात लावावे आणि पाळी चुकल्यास कारणासह जाहीर करावे, अशी लेखी मागणी करावी. माहिती दडवली तर २००५ चा माहिती अधिकार कायदा वापरावा. पंपजप्तीची मोहीम झोपडीपासून नव्हे, बंगल्यापासून सुरू व्हावी. टँकर आधी शेवटच्या टोकाला जावा.

पाणी उकळून प्यावे, ड्रम झाकून ठेवावा, हे खानदेशातील प्रत्येक आईला ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही ते एवढेच, की पुढचे पाणी केव्हा येणार. ते सांगणे हे तिचे काम नाही. ज्यांचे आहे, त्यांनी उपदेश थांबवून ते करावे.