बेकर स्ट्रीट आणि अर्नाळा

वसई-विरारच्या आमच्या सुशिक्षित वाचकास लंडनच्या बेकर स्ट्रीटवरील 221 बी हे घर तोंडपाठ असते. 1887 साली शेरलॉक होम्स तेथे अवतरला तेव्हां त्या रस्त्यावर ह्या क्रमांकाचे घरच नव्हते. पण त्यामुळे कोणाचा रसभंग होत नाही! हेच रसिक, हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे (1906–1996) नांव निघतांच नाक मुरडतात. कारण काय, तर त्यांचे काळा पहाड नि झुंजार म्हणे असंभाव्य! टीका अवश्य व्हावी, परंतु ती पुस्तक उघडून व्हावी. आडनांवांतच विरारशेजारचा अर्नाळा वागविणाऱ्या लेखकाची ही संभावना पाहिल्यावर त्या किनाऱ्यावर एखादी रहस्यकथा रचावयास कोणता तरुण धजेल?