‘सर्वांगीण’ शिक्षणाचें एक अंग

खासगी माध्यमिक शाळांचीं माहितीपत्रकें चाळलीं म्हणजे एक शब्द हटकून दृष्टीस पडतो : सर्वांगीण विकास. सोबत पोहण्याच्या तलावाचें, संगीतकक्षाचें व क्रीडांगणाचें चित्र असतें. हीं साधनें उत्तमच आहेत. आमची तक्रार त्यांविषयीं नाहीं, तीं कोणत्या इयत्तेपर्यंत मुलांस उघडीं राहतात याविषयीं आहे. नववीची परीक्षा आटोपतांच चित्रकलेचा तास गणितास जातो, खेळाचा तास शास्त्रास जातो. आणि ज्या मुलास सर्वांगीण म्हणून आंत घेतलें, त्याच्या उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या हाताखेरीज दुसरें अंग शाळेस दिसेनासें होतें!

यावर कोणी म्हणतील, शालान्त परीक्षा कांहीं शाळांनीं निर्मिलेली नाहीं. पालकांसच गुण हवे असतात. हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि तेवढा दोष आम्हां पालकांनीं पदरांत घेतलाच पाहिजे. प्रवेशाच्या वेळीं आम्ही तलाव पाहतों, निकालाच्या दिवशीं टक्के विचारतों. शासकीय रेखाकला परीक्षेस महाराष्ट्रांत दहावीच्या निकालांत वाढीव गुण मिळतात. योजना कलेच्या उत्तेजनार्थ निघाली. परंतु गुण पदरांत पडतांच रंगांची पेटी माळ्यावर जाते, अशीं घरें थोडीं नाहींत.

खासगी शाळेस मात्र ही सबब शोभत नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७९ सालीं सरकारी नोकरी सोडली, आणि टिळक व नामजोशी यांच्या साह्यानें १८८० च्या आरंभीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें. खासगी शाळा म्हणजे आपल्या विचारानें शिकविण्याची मोकळीक, हाच अर्थ आम्ही त्या उद्योगांतून घेतों. ती मोकळीक हातीं असून जी शाळा केवळ टक्केवारीच्या मागें धांवते, तिचा खासगीपणा फीपुरताच उरतो.

तत्त्वांची वाण नाहीं. १९३७ सालच्या वर्धा येथील शिक्षणपरिषदेनें हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानीं ठेवण्याचा पुरस्कार केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें अभ्यास व अभ्यासेतर यांमधील भिंत पाडण्यास सांगितलें. वाण आहे ती हें सारें वेळापत्रकांत उतरविण्याच्या धैर्याची.

म्हणून पालकांस आमची सूचना एकच. प्रवेश घेतांना माहितीपत्रक बाजूस ठेवून दहावीचें वेळापत्रक मागावें. त्यांत चित्र, गायन व खेळ यांचे तास असतील, आणि ते खरोखर होत असतील, तर ती शाळा आपल्या शब्दास जागते. नसतील, तर तिनें ‘सर्वांगीण’ हा शब्द गाळावा आणि उरलेल्या एका अंगापुरतीच फी घ्यावी. एवढी सचोटी तरी मागण्याचा आम्हांस अधिकार आहे.