तबकडीवरची पुरवणी

ऑक्टोबर २००१ मध्ये सोनीच्या कोलंबिया ट्रायस्टार कंपनीने अमेरिकेत ‘सुपरबिट’ नावाची डीव्हीडींची मालिका बाजारात आणली. ‘द फिफ्थ एलिमेंट’, ‘एअर फोर्स वन’, ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ हे तिच्या पहिल्या तुकडीतले चित्रपट. या तबकड्यांवर चित्रपटाखेरीज जवळजवळ काहीच नव्हते. दिग्दर्शकाची कॉमेंटरी नाही, चित्रीकरणाचा माहितीपट नाही, कापलेली दृश्ये नाहीत, मेनूसुद्धा अगदी साधा. वाचलेली सगळी जागा चित्राला आणि आवाजाला दिली आहे, असे कंपनीचे सांगणे होते. चोखंदळ प्रेक्षकांना ते पटले. चित्रपट पाहायला डिस्क घ्यायची, गप्पा ऐकायला नाही, हा त्यांचा युक्तिवाद. पुढे ब्ल्यू-रे आली, मग फोर-के आली, आणि प्रत्येक वेळी हाच युक्तिवाद नव्या आकड्यांसह पुन्हा मांडला गेला. हाय डेफिनिशन डिस्कवर स्पेशल फीचर्स असावीत का, या वादाचे मूळ तिथे आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: असावीत, आणि ती नसतील तर डिस्क अपुरी आहे.

जागेचा हिशेब आधी करू, कारण तो खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. दुपदरी डीव्हीडीत ८.५ गिगाबाइट मावतात. सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने एक तासाचा माहितीपट तिच्यावर घातला, तर १.८ गिगाबाइट जातात. म्हणजे डिस्कचा पाचवा हिस्सा संपला. अडीच तासांच्या चित्रपटाला उरलेल्या जागेत कोंबायचे, तर अंधारातल्या दृश्यांत चौकडे दिसू लागतात, धूर आणि पाणी फाटल्यासारखे होते. सुपरबिटवाल्यांची तक्रार डीव्हीडीपुरती रास्तच होती. पण दुपदरी ब्ल्यू-रेत ५० गिगाबाइट मावतात, आणि तोच तासाभराचा माहितीपट तिथे चार टक्क्यांहूनही कमी जागा घेतो. कॉमेंटरीचे तर विचारूच नका. सेकंदाला १९२ किलोबिट या दराने दोन तासांचे बोलणे साधारण १७३ मेगाबाइटमध्ये बसते. पन्नास गिगाबाइटच्या डिस्कवर ते टक्क्याचा तिसरा हिस्सा. एवढ्याशा जागेसाठी दिग्दर्शकाला गप्प बसवायचे असेल, तर त्याला चित्राच्या दर्जाचे कारण देता येणार नाही. माहितीपटही हाय डेफिनिशनमध्ये घालायचा असेल तर आकडे वाढतात, हे मान्य. तेव्हा दुसरी डिस्क द्यावी.

तसे करून दाखवलेलेही आहे. सुपरबिट आल्यानंतर वर्षभराने, नोव्हेंबर २००२ मध्ये, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागाची वाढीव आवृत्ती चार डीव्हीडींवर आली. दोन डिस्क चित्रपटाला, दोन पूरक साहित्याला. टॉल्कीनच्या मूळ कादंबरीला परिशिष्टे आहेत, म्हणून या दोन डिस्कनाही ‘परिशिष्टे’ असेच नाव दिले. चित्रपटाच्या वाट्याचे काही काढून घेतले नाही आणि चिलखतांच्या कड्या जोडणाऱ्या, छोटी शहरे बांधणाऱ्या, आवाज गोळा करणाऱ्या माणसांना बोलायला तासन् तास मिळाले. चार स्वतंत्र कॉमेंटरी होत्या, त्यातली एक खास कलाविभागाची. कादंबरीच्या परिशिष्टांना कोणी फुकटची भरती म्हणत नाही.

ही प्रथा सुरू झाली तीही थोडी अडचणीतून, थोडी हौसेतून. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत अटलांटा शहरात लेसरडिस्क विक्रीला आली. ग्रामोफोनच्या लाँगप्ले तबकडीएवढी चकचकीत तबकडी, आणि पहिल्या चित्रपटांत स्पीलबर्गचा ‘जॉज’. नुसता चित्रपट. सहा वर्षांनी, १९८४ मध्ये, क्रायटेरियन नावाच्या नव्या संस्थेने ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ काढले, तेव्हा तिच्या लोकांच्या लक्षात आले की या तबकडीवर आवाजाचे दोन पट्टे आहेत आणि जुन्या चित्रपटाला एकच पुरतो. दुसरा रिकामा. त्या रिकाम्या पट्ट्यावर त्यांनी रोनाल्ड हेव्हर यांना बोलायला बसवले. हेव्हर लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात चित्रपट विभाग सांभाळत. १९५४ च्या ‘अ स्टार इज बॉर्न’मधले हरवलेले तुकडे शोधून त्यांनी तो चित्रपट पुन्हा उभा केला होता. १९३३ चा ‘किंग काँग’ डोळ्यांसमोर चालू आहे आणि शेजारी बसलेला जाणता माणूस सांगतो आहे की विलिस ओब्रायनने हा बाहुला एकेका चौकटीला किंचित हलवून कसा जिवंत केला. तिथूनच ऑडिओ कॉमेंटरीची परंपरा सुरू झाली. या लेसरडिस्कच्या एका बाजूवर अर्धा तास, म्हणजे ५४ हजार चौकटी मावत. प्रत्येक चौकटीला क्रमांक होता आणि हवी ती चौकट थांबवून पाहता येई. चित्रपटगृहात प्रोजेक्टरवाल्यालाही न मिळणारी ही सोय घरबसल्या मिळाली. आपल्याकडे कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. श्रोत्याला दोन्ही हवे असते. इथे निरूपण आणि आख्यान एकाच वेळी, आणि बटण श्रोत्याच्या हाती.

‘जॉज’चीच पुढची गोष्ट या वादात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९९५ मध्ये तो पुन्हा लेसरडिस्कवर आला, तेव्हा लॉरां बुझेरो यांनी केलेला दोन तासांचा माहितीपट सोबत होता. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळच्या खाऱ्या पाण्यात यांत्रिक मासा वारंवार बिघडत होता. म्हणून स्पीलबर्गने तो कमीत कमी दाखवला, पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपे दाखवली, आणि बाकीची भीती जॉन विल्यम्सच्या दोन सुरांनी उभी केली. आज चित्रपटाच्या वर्गात ही कथा सांगितली जाते, ती कामगारांच्या आणि कलावंतांच्या तोंडून अशा नोंदींमुळेच आपल्यापर्यंत सविस्तर पोचली. पण त्या नोंदीलाही उशीर झाला होता. क्विंट रंगवणारा रॉबर्ट शॉ १९७८ च्या ऑगस्टमध्येच गेला होता, पहिली तबकडी विकली जाण्याच्या चार महिने आधी. ज्यांच्या संकलनाने न दिसणारा मासा दिसल्यासारखा केला, त्या व्हर्ना फील्ड्सना ऑस्कर मिळाले, आणि १९८२ मध्ये त्याही गेल्या. पुढे २००० सालच्या डीव्हीडीवर जागेअभावी हा माहितीपट अर्ध्याहून अधिक कापून घातला गेला. पूर्ण पाहायला मिळाला तो २००५ च्या आवृत्तीत. माणसांची साक्ष एकदा घेऊनही पाच वर्षे ती कात्रीखाली राहिली.

हाय डेफिनिशनच्या लढाईत हेच मुद्दे पुन्हा वर आले. २००६ मध्ये तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीप्रणीत ब्ल्यू-रे समोरासमोर उभ्या राहिल्या. एचडी डीव्हीडीची जागा कमी, दुपदरी डिस्कवर ३० गिगाबाइट. पण तिच्या प्रत्येक प्लेअरमध्ये चित्रपट चालू असताना कोपऱ्यात दुसरे चित्र दाखवायची सोय पहिल्या दिवसापासून सक्तीची होती. ब्ल्यू-रेची जागा मोठी, तरी सुरुवातीच्या प्लेअरमध्ये ती सोय नव्हती. आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी, की सुपरबिटच्या पहिल्या तुकडीत मिरवलेला ‘द फिफ्थ एलिमेंट’ २००६ मध्ये ब्ल्यू-रेवर आला तो धुळीचे ठिपके आणि मऊ पडलेले चित्र घेऊन. पुरवण्यांची गर्दी काही तिथे नव्हती. दोष होता ज्या प्रतीवरून डिस्क केली तिच्यात. दुसऱ्या वर्षी चांगल्या प्रतीवरून ती पुन्हा काढली आणि जुनी बदलून दिली. चित्र चांगले येते ते चांगली निगेटिव्ह, जपून केलेले स्कॅनिंग आणि जाणत्या रंगतज्ज्ञाच्या डोळ्यांमुळे, हे त्या एका डिस्कने दाखवून दिले.

डिसेंबर २००७ मध्ये, ही लढाई निकाली निघण्याच्या तोंडावर, रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’ची पाच डिस्कची आवृत्ती डीव्हीडी, एचडी डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे अशा तिन्हींवर आली. चित्रपटाचे पाच वेगवेगळे पाठ एकत्र, आणि चार्ल्स डी लॉझिरिका यांचा साडेतीन तासांचा ‘डेंजरस डेज’ हा माहितीपट. सिड मीड, डग्लस ट्रंबुल, रुटगर हाउअर त्यात बोलतात. तिघेही आता हयात नाहीत. ज्याने त्या पावसाळी, धुरकट शहरात प्रकाशाचे झोत सोडले, तो छायालेखक जॉर्डन क्रोननवेथ मात्र त्यात बोलू शकत नाही. तो १९९६ मध्येच गेला. पंचवीस वर्षांनी घेतलेल्या साक्षीत एवढे मोठे भोक राहते. दोनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी २००८ रोजी, तोशिबाने माघार घेतली. तंत्र हरले, तरी माहितीपट टिकला, कारण तो दुसऱ्या तबकडीवरही होता.

विरोधकांच्या एका तक्रारीत मी त्यांच्या बाजूने आहे. स्पेशल फीचर्स म्हणून विकल्या गेलेल्या साहित्यातले पुष्कळसे निव्वळ जाहिरात असते. नटांनी दिग्दर्शकाचे कौतुक करायचे, दिग्दर्शकाने नटांचे, मध्ये चित्रपटाच्याच फिती, की झाली सहा मिनिटे. आधी नुसता चित्रपट विकायचा आणि वर्षभराने तोच चित्रपट पूरक साहित्यासह पुन्हा विकायचा, हा व्यवहारही ग्राहकाशी प्रामाणिक नव्हता. शिवाय कलावंताला गप्प राहायचा हक्क आहे. डेव्हिड लिंचने ‘मुलहॉलंड ड्राइव्ह’च्या डीव्हीडीवर प्रकरणांच्या खुणासुद्धा ठेवू दिल्या नाहीत, चित्रपट सलग पाहा, म्हणाला. स्पीलबर्ग कॉमेंटरी देत नाही. ते मान्यच. पण स्पीलबर्ग माहितीपटाला मुलाखती देतो, आणि दिग्दर्शक गप्प राहिला म्हणून ध्वनिमुद्रकाने आणि कलादिग्दर्शकानेही गप्प राहावे असे कुठे आहे?

आता तर डिस्कच दुर्मीळ होते आहे. नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये टपालाने डीव्हीडी पाठवणे थांबवले. बेस्ट बाय या अमेरिकी दुकानसाखळीने २०२४ मध्ये डिस्क विकणे बंद केले. पूरक साहित्य इंटरनेटवर ठेवा, डिस्कवर कशाला, असे आता विचारले जाते. त्याचाही अनुभव घेऊन झाला आहे. ‘बीडी-लाइव्ह’ या सोयीने ब्ल्यू-रेवरची काही फीचर्स कंपनीच्या सर्व्हरवरून यायची. सर्व्हर बंद झाले, डिस्कवर उरली फक्त बटणे. जुन्या चित्रपटांसोबत मुलाखती आणि कॉमेंटरी देणारी ‘फिल्मस्ट्रक’ ही सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि दोन वर्षांत, नोव्हेंबर २०१८ मध्ये, मालकांनी मिटवली. कपाटातली तबकडी कोणी परस्पर मिटवू शकत नाही. आज २०१६ नंतरच्या फोर-के डिस्कवर चित्रपटाला ६६ किंवा १०० गिगाबाइट मिळतात, आणि पूरक साहित्य सहसा डब्यातल्या दुसऱ्या ब्ल्यू-रेवर असते. चित्र आणि पुरवणी यांच्यातले भांडण तिथे कधीच मिटले आहे. उरला आहे तो फक्त खर्चाचा प्रश्न.

आपल्या दारात हा प्रश्न जरा वेगळ्या रूपात येऊन गेला. मराठी चित्रपट घरोघरी पोचले ते व्हीसीडीवर, एका चित्रपटाला दोन-दोन चकत्या. तिथे दुसऱ्या आवाजाला, माहितीपटाला जागाच नव्हती. २००७ मध्ये मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी आणली तेव्हा सामान्य घरात चित्रपटांचा संग्रह उभा राहिला, याचे मोल मोठे आहे. पण निर्मितीची कथा त्या किमतीत येणार नव्हती. त्याआधी, जानेवारी २००३ मध्ये, पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या प्रभातच्या जुन्या गोदामात नायट्रेट फिल्म जळाल्या. निगेटिव्ह जळते तेव्हा तिच्यासोबत दुसरे काय राखायला हवे होते, याची आठवण व्हावी. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये पडद्यावर विमान वैकुंठाला निघते. ते कसे साधले, तुकाराम झालेल्या पागनिसांचा आवाज दिग्दर्शक दामल्यांनी कसा धरला, हे त्या दोघांच्या आणि सहदिग्दर्शक फत्तेलालांच्या तोंडून ऐकायला आपण काय दिले नसते. दामले १९४५ मध्ये गेले, फत्तेलाल १९६४ मध्ये. त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले.

मात्र त्याही आधी एका माणसाने ही गरज ओळखली होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाचा छोटा मूकपट काढला. ज्या काळात लोकांना पडद्यावरची माणसे हलतात हेच नवल वाटत होते, त्या काळात त्यांनी कॅमेरा स्वतःच्या कारखान्याकडे वळवला. त्याच सुमारास ते ‘नवयुग’ मासिकातून भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहीत होते. म्हणजे चित्रपट, निर्मितीचा माहितीपट आणि लेखी टिपण, तिन्ही एकाच माणसाच्या हातून. ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळे होती, आज पहिले आणि शेवटचे एवढेच उरले आहे, आणि तेही १९१३ चे की १९१७ च्या नव्या प्रतीचे यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्या दोन रिळांची हाय डेफिनिशन डिस्क कोणी काढली, तर हा छोटा मूकपट तिच्यावर असलाच पाहिजे, आणि सोबत त्या वादाची सगळी कागदपत्रे. त्या मूकपटात फाळके तालीम घेताना दिसतात, आणि मग टेबलाशी बसून फिल्मची पट्टी उजेडात धरतात, एकेक चौकट तपासतात, नको तिथे कापतात.